वॉशिंग मशीनचं एक अख्खं धुणं: स्टूल घेऊन शेजारी बसा आणि ऐका

मे महिन्यात आमचं मशीन पाणी घेईनासं झालं. घूंऽऽ असा आवाज यायचा, करंगळीपेक्षा बारीक धार पडायची आणि थोड्या वेळाने मशीन शिट्ट्या मारायला लागायचं. मेकॅनिक आला. त्याने मागची नळी सोडवली, मशीनच्या तोंडातून बोटाच्या पेराएवढी एक जाळी पकडीने ओढून काढली, बेसिनमध्ये धुतली आणि परत बसवली. चार मिनिटांचं काम, व्हिजिटचे साडेचारशे रुपये. जाळीत टँकरच्या पाण्यातली वाळू अडकली होती. पैशांचं वाईट वाटलंच. पण सात वर्षं वापरत असलेल्या यंत्राला अशी जाळी असते हेच मला ठाऊक नव्हतं, ते जास्त लागलं.

पुढच्या रविवारी मी स्टूल घेऊन मशीनशेजारी बसलो आणि एक अख्खं धुणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलं. तुम्हीही एकदा बसाच. मला वाटायचं, मशीन म्हणजे घड्याळ लावलेली मोटर, वेळ संपली की पुढचं काम. तसं नाही. मशीन जागोजागी थांबतं आणि विचारतं. त्याचे प्रश्न तीनच आहेत: पाणी आलं का? पाणी गेलं का? तोल साधला का? होकार मिळाला तरच पुढे सरकतं, नाहीतर अडून बसतं. आपण ज्याला बिघाड म्हणतो त्यातला बराचसा भाग म्हणजे यातल्या एका प्रश्नाला न मिळालेलं उत्तर. पडद्यावर उमटणारी अक्षरंही बहुतेक तेच सांगतात. एलजीच्या मशीनवर आयई म्हणजे पाणी येत नाही, ओई म्हणजे जात नाही, यूई म्हणजे तोल नाही. सॅमसंगवर 4ई किंवा 4सी म्हणजे येत नाही, 5ई किंवा 5सी म्हणजे जात नाही.

खाली जे सांगतो आहे ते टॉप लोड, पूर्ण ऑटोमॅटिक मशीनबद्दल आहे. आमच्याकडे तेच आहे. फ्रंट लोडचं वेगळं काय, ते नंतर.

झाकण उघडून आधी ओळख करून घ्या

आत दिसतो तो भोकाभोकांचा स्टीलचा ड्रम. पाणी साठतं ते त्याच्या बाहेरच्या, आपल्याला न दिसणाऱ्या प्लास्टिकच्या टबात. हा टब मशीनच्या पत्र्याला घट्ट बसवलेला नसतो. चार कोपऱ्यांतून चार सळ्यांवर, स्प्रिंगांसकट, पाळण्यासारखा टांगलेला असतो. ड्रमच्या काठाला हाताने ढकलून बघा, सगळंच डोलतं. डोलायलाच हवं.

तळाशी उंचवटे असलेली चकती दिसते, ती पल्सेटर. ड्रमच्या वरच्या काठाला प्लास्टिकचं जाड कडं असतं. ड्रम हलवला की त्यात पाणी खळखळतं आणि लोक घाबरतात. ते पाणी गळून आत शिरलेलं नाही. कारखान्यातच मिठाचं पाणी भरून ते कडं बंद केलेलं असतं. त्याची गरज पिळताना लागते.

टबाच्या पोटाखाली मोटर, रबरी पट्टा आणि क्लच. मेकॅनिक मंडळी या क्लचला सरसकट गिअरबॉक्स म्हणतात. त्यांचं फारसं चुकत नाही, कारण आत खरंच दातेरी चाकं असतात आणि मोटरचा वेग कमी करून जोर वाढवण्याचं काम ती करतात.

पाणी आलं का?

बटण दाबल्यावर बहुतेक मशीन लगेच पाणी घेत नाहीत. कोरड्याच कपड्यांना पल्सेटर दोन-चार झटके देतो. हे वजन करणं आहे. मोटरला क्षणभर वीज द्यायची, बंद करायची आणि ती किती लवकर थांबते ते बघायचं. कपडे जास्त असतील तर लवकर थांबते. त्यावरून पाण्याची पातळी ठरते. म्हणून कपडे एकदमच टाका. "अगं, हा टॉवेल राहिला" म्हणून मागाहून टाकलेल्या कपड्यांचा या हिशोबात समावेश नसतो, आणि मग पाणी कमी पडतं.

आता पाण्याचा व्हॉल्व्ह उघडतो. याची रचना मला फार आवडली. वाटेत एक रबरी पडदा असतो. नळाच्या पाण्याचा दाबच त्या पडद्याला मागून रेटून वाट बंद ठेवतो. पडद्याच्या मधोमध टाचणीच्या डोक्याएवढं भोक असतं आणि त्यावर एक बारीक खुंटी. विजेचं वेटोळं खुंटी वर खेचतं, पडद्यामागचा दाब सुटतो आणि पाणी स्वतःच्याच जोराने पडदा उचलून आत शिरतं. म्हणजे दार उघडायचं काम मुख्यतः पाणीच करतं, वीज फक्त कडी काढते.

यातच वरच्या मजल्यावरच्या लोकांच्या दुखण्याचं मूळ आहे. पाण्याला जोर नसेल तर पडदा नीट उचलला जात नाही, कधीकधी नीट बसतही नाही आणि मशीन बंद असताना आत थेंबथेंब गळत राहतं. बऱ्याच मशीनना निदान 0.3 ते 0.5 बार दाब लागतो. दहा मीटर उंचीचं पाणी म्हणजे साधारण 1 बार. म्हणजे टाकीतल्या पाण्याची पातळी मशीनच्या नळापेक्षा किमान तीन ते पाच मीटर वर हवी. गच्चीवरची टाकी आणि लगेच खाली तुमचं घर, अशी स्थिती असेल तर एवढी उंची मिळत नाही. तिथे मशीन बदलून काही होणार नाही, त्या लाइनवर छोटा प्रेशर पंप बसवावा लागतो. घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर नळी मशीनकडून सोडवा, 10 लिटरच्या बादलीत धरा आणि घड्याळ लावा. दोन मिनिटांत बादली भरत नसेल तर आधी नळाकडे बघा, मशीनकडे नंतर.

आणि बादली झर्रकन भरते, तरी मशीनमध्ये धार बारीक? मग ती जाळी. नळ बंद करा, प्लग काढा, मशीनकडची नळीची चकती हाताने फिरवून सोडवा. थोडं पाणी सांडतं, खाली फडकं ठेवा. आत प्लास्टिकची जाळी दिसेल. तिला मधे पकडायला टोक असतं, ते पकडीने सरळ ओढा, वाकडं नको. जुन्या टूथब्रशने धुवा. नळाकडच्या टोकालाही कधीकधी दुसरी जाळी असते. जाळी फाटली म्हणून तशीच नळी लावू नका. मग वाळू थेट त्या रबरी पडद्यापर्यंत जाते आणि व्हॉल्व्हच बदलावा लागतो. टँकरच्या दिवसांत मी महिन्यातून एकदा जाळी काढतो, एरवी तीन-चार महिन्यांनी.

पाणी किती आलं हे मशीनला कळतं कसं? टबाच्या तळाशी एक छोटा कप्पा असतो आणि त्यातून बारीक नळी वर जाते. पाणी चढलं की कप्प्यातली हवा कोंडते आणि नळीतून वरच्या सेन्सरवर दाबली जाते. तोंड खाली करून ग्लास पाण्यात बुडवल्यासारखं. हवेचा दाब जितका, तितकी पाण्याची पातळी. ही नळी निसटली, तिला चीर गेली किंवा कप्प्यात गाळ बसला, की मशीन भरत राहतं किंवा रिकामं असताना भरलंय म्हणतं.

चोळणं, आणि पावडरीचा हिशोब

पाणी भरलं की पल्सेटर थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे फिरतो. या वेळी ड्रमला ब्रेक लावलेला असतो, तो जागचा हलत नाही. पाण्याला भोवरा आणि उलट भोवरा मिळतो, कपडे खाली ओढले जातात, कडेने वर येतात, एकमेकांवर घासतात. कपडे वर येतायत की नाही हे धुताना डोकावून बघा. बऱ्याच टॉप लोड मशीनमध्ये धुताना झाकण उघडं चालतं, पिळताना मात्र चालत नाही. वरचे कपडे वरच बसून राहिले असतील तर मशीन कोंबून भरलंय. 7 किलो म्हणजे सात किलो कोरडे कपडे, तेही सुती आणि ऐसपैस टाकलेले. मी ड्रमच्या तीन-चतुर्थांशाच्या वर जात नाही आणि हाताने दाबत तर मुळीच नाही. साडी असेल तर जाळीच्या पिशवीत. नाहीतर ती पल्सेटरला आणि चार शर्टांना असा विळखा घालते की सोडवताना निम्मा रविवार जातो.

जर्मनीतल्या हेन्केल कंपनीतले हर्बर्ट सिनर यांनी 1959 साली धुण्याचं एक वर्तुळ मांडलं. त्यात चार वाटे: रसायन, यंत्राचा मार, तापमान आणि वेळ. एक वाटा कमी केला तर बाकीच्यांनी भरून काढायचा. आपण बहुतेक गार पाण्यात धुतो, म्हणजे तापमानाचा वाटा गेला. तो पावडर वाढवून भरून काढायची आपल्याला सवय आहे. त्यापेक्षा वेळ वाढवा. मशीनमध्ये भिजवण्याचा प्रोग्रॅम असतो, तो याचसाठी. कॉलर-मनगटाला आधी साबण चोळून ठेवला की अर्धं काम तिथेच होतं.

पावडरीचा दुसरा हिशोब पाण्याचा आहे. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. शाळेच्या पुस्तकात याला दुष्फेन पाणी म्हणायचे. घातलेल्या पावडरीतला काही भाग हे क्षारच खाऊन टाकतात, उरलेली कपड्यांच्या वाट्याला येते. तपासायचं तर स्वच्छ बाटलीत अर्धी बाटली पाणी घ्या, त्यात अंगाच्या साबणाचे चार-पाच बारीक कीस टाका आणि जोरात हलवा. भरपूर फेस आला तर पाणी चांगलं. फेस नाही आणि वर दह्यासारखी साय तरंगतेय, तर पाणी जड. ही तपासणी कपड्यांच्या पावडरीने करू नका, ती जड पाण्यातही फेस देते. पाणी जड असेल तर पावडर थोडी जास्त लागते. पाणी हलकं असेल तर डब्यावर लिहिलेल्यापेक्षाही कमी पुरते.

जास्त पावडर म्हणजे जास्त स्वच्छ, हा समज आमच्या घरात मोडायला बराच काळ गेला. शेवटी एक प्रयोग केला. धुऊन झालेले, वाळवायचे राहिलेले कपडे परत मशीनमध्ये टाकले आणि पावडर न घालता फक्त रिन्स लावलं. पाण्यावर बोटभर फेस आला. एवढा साबण आम्ही रोज अंगावर घालून फिरत होतो! त्या दिवसापासून दोन चमच्यांचा एक झाला. आणखी एक: पावडर थेट कपड्यांवर टाकू नका, मगभर कोमट पाण्यात विरघळवून घाला. गार, जड पाण्यात तिचे खडे राहतात आणि काळ्या कपड्यांवर पांढरे डाग पडतात.

पाणी गेलं का?

धुणं थांबतं, क्षणभर शांतता असते आणि मग टक्क असा आवाज येतो. तो नीट ऐका. एक छोटी मोटर वायर किंवा पट्टी ओढते आणि या एका ओढीत दोन कामं होतात. निचऱ्याचा व्हॉल्व्ह उघडतो, आणि क्लचचा खटका सरकून ड्रमवरचा ब्रेक सुटतो. आतापर्यंत पल्सेटर एकटा फिरत होता, आता ड्रम आणि पल्सेटर एकत्र बांधले जातात. म्हणून ही छोटी ड्रेन मोटर गेली की पाणीही जात नाही आणि पिळणंही होत नाही. "मोठी मोटर बदलावी लागेल, गिअरबॉक्सही गेलाय" असं कुणी म्हणालं तर आधी विचारा की ही टक्क वाजते का. ड्रेन मोटरची किंमत त्या दोघांपुढे काहीच नाही.

इथली सगळ्यात नेहमीची चूक घरच्यांचीच असते. बहुतेक टॉप लोडमध्ये पाणी बाहेर फेकायला पंप नसतो, ते आपल्या वजनाने उताराने जातं. नळी जमिनीलगत हवी. मोरीच्या कठड्यावरून चढवून पलीकडे सोडली, की पाणी तुंबतं. नळीचं टोक मोरीच्या जाळीत फार खोल खुपसू नका, मशीनखाली नळी चेपली गेली नाही ना ते बघा, आणि वर्षातून एकदा नळी काढून आत नळाची धार सोडा. आमच्या नळीतून एक मोजा निघाला होता.

मग खळबळणं. इथे एक हिशोब मांडून बघा. धुतल्यावर न पिळता कपड्यांत 8 लिटर साबणाचं पाणी राहिलं आणि वर 32 लिटर ताजं पाणी आलं, तर साबण एक-पंचमांश होतो. दोनदा खळबळल्यावर एक-पंचविसांश. आता मधे पिळून घेतलं आणि 2 लिटरच उरलं, वर 38 लिटर आलं, तर एका खेपेत एक-विसांश, दोन खेपांत चारशेवा भाग. पाणी जवळजवळ तेवढंच. म्हणूनच मशीन मधे मधे पिळत असतं. वीज वाचेल म्हणून मधलं पिळणं वगळू नका.

तोल साधला का?

पिळताना ड्रम मिनिटाला साधारण 700 फेरे घेतो. ड्रमची त्रिज्या 23 सेंटिमीटर धरली तर काठाशी पडणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या सव्वाशे पट भरतो. पाव किलोचा ओला शर्ट तिथे तीस किलोच्या गोणीसारखा भिंतीला रेटला जातो. ड्रमची भिंत कापड अडवते, पाण्याला भोकं मोकळी असतात, ते बाहेरच्या टबात उडतं.

आता सगळे कपडे एका बाजूला गोळा झाले तर? तीस किलोची गोणी एकाच अंगाला, तीही गरगर फिरणारी. मिठाचं पाणी भरलेलं कडं इथे कामाला येतं. वेग चढला की आतलं पाणी आपोआप हलक्या बाजूला सरकतं आणि थोडाफार असमतोल खाऊन टाकतं. जास्त असेल तर डोलणारा टब झाकणाजवळच्या एका पट्टीवर आपटतो, खटका पडतो आणि मशीन पिळणं थांबवतं. मग ते पाणी घेतं, कपडे जरा हलवून पसरवतं आणि पुन्हा प्रयत्न करतं. दोन-तीनदा जमलं नाही तर शिट्टी. पाण्याचं बिल वाढवणारा हा प्रकार बहुतेक एकाच कपड्यापायी होतो: एकटी सोलापुरी चादर, एकटी जीन्स, एकटं पायपुसणं. चादर असेल तर जोडीला दुसरी चादर किंवा दोन टॉवेल टाका. रबराचा थर असलेलं पायपुसणं मशीनमध्ये टाकूच नका, त्यातून पाणी निघत नाही.

कपडे नीट असूनही मशीन चालत चालत भिंतीकडे जात असेल, तर पाय तपासा. झाकणावर सपाट ताटलीत थोडं पाणी ओतून ठेवा, ते एका काठाला जमेल ती बाजू खाली. मग समोरासमोरच्या कोपऱ्यांवर आळीपाळीने दाबा. जिथे डुगडुगेल तो पाय फिरवून जमिनीला टेकवा आणि त्यावरची चकती वर घट्ट आवळा. ही चकती आवळायची लोक विसरतात. चाकांच्या स्टँडवर ठेवलेल्या टॉप लोडने पिळताना धिंगाणा घातला तर दोष मशीनचा नाही.

फ्रंट लोडमध्ये काय बदलतं

तिथे ड्रम आडवा असतो. पल्सेटर नसतो. ड्रमच्या आतले उंचवटे कपडे वर नेतात आणि सोडतात, कपडे पाण्यात आपटतात. दगडावर धुणं आपटण्याच्या सगळ्यात जवळ जाणारी पद्धत हीच. पाणी तळाशी थोडंसंच लागतं. फेस जास्त झाला तर या आपटण्याला उशी मिळते आणि कपडे मळके राहतात, म्हणून यासाठी कमी फेसाची वेगळी पावडर घ्या. पिळण्याचा वेग 1000 ते 1400 फेरे असतो. तो आवरायला आत काँक्रीटची वजनं बसवलेली असतात, त्यामुळेच हे मशीन उचलताना दोघांची कंबर धरते. नवं मशीन आल्यावर मागचे वाहतुकीचे बोल्ट काढले ना, ते स्वतः बघा. ते ठेवून मशीन चालवलं तर पहिल्याच पिळण्यात घर हादरतं. काढलेले बोल्ट जपून ठेवा, घर बदलताना लागतात.

पाणी तापवायला आत हीटर असतो आणि विजेचा मोठा वाटा तोच खातो. 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 पर्यंत न्यायला सुमारे 0.6 युनिट लागतं, 40 पर्यंत न्यायला पाव युनिटच्या जरा वर. रोजच्या कपड्यांना 40 पुष्कळ झाले.

पाणी इथे पंपाने बाहेर जातं, म्हणून नळीचं टोक वर हवं, साधारण 60 ते 100 सेंटिमीटरवर. टॉप लोडच्या नेमकं उलट. खाली सोडलं तर भरलेलं पाणी आपोआप वाहून जातं आणि मशीन भरतच बसतं. पंपाआधीचा फिल्टर खाली पुढच्या बाजूला, छोट्या झाकणामागे असतो. महिन्यातून एकदा परात लावून उघडा. नाणी, हेअरपिन, बटणं निघतील. पाणी गरम असताना उघडू नका.

साफसफाई

काम झाल्यावर झाकण दोन तास उघडं ठेवा, कुबट वास बराचसा यानेच जातो. तंतू जमा होणारी जाळीची पिशवी दर धुण्यानंतर उलटी करून धुवा. दोन महिन्यांनी कपड्यांशिवाय, 100 ग्रॅम लिंबूसत्व गरम पाण्यात विरघळवून ड्रममध्ये घाला, पाणी भरू द्या, अर्धा तास थांबवून ठेवा आणि मग पूर्ण प्रोग्रॅम चालवा. क्षारांचा पांढरा थर सुटतो. लिंबूसत्व आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, क्लोरीन वायू निघतो.

मशीनच्या तळाला उंदीर-जाळी आहे का, ते वाकून बघा. नसेल तर बसवून घ्या. उबदार, अंधारी जागा आणि कुरतडायला वायर, उंदराला आणखी काय हवं?

मेकॅनिकला फोन करण्याआधी

प्लग दहा मिनिटं काढून ठेवा, परत लावा. मग रिकामं मशीन सुरू करा आणि ते कुठल्या प्रश्नावर अडतंय ते बघा. फोनवर "मशीन चालत नाही" न म्हणता "पाणी घेतं, धुतं, पण टक्क वाजत नाही आणि पाणी जात नाही" असं सांगितलंत, तर माणूस योग्य सामान घेऊन येतो आणि एक फेरी वाचते.

मोटर नुसती घूं करते आणि फिरत नाही, अशी स्थिती असेल तर बऱ्याचदा कपॅसिटर, म्हणजे मोटरला फिरायला सुरुवातीचा जोर देणारा छोटा भाग, गेलेला असतो. स्वस्तातला भाग आहे, पण तो स्वतः काढू नका. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते. पत्र्याला हात लावला की मुंग्या येत असतील, तर मशीन त्याच क्षणी बंद करा आणि मेकॅनिकच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. अर्थिंग लागलेलं नसतं, किंवा कुणीतरी तीन पिनच्या प्लगची जाड पिन कापून तो दोन भोकांच्या बोर्डात घुसवलेला असतो.